इलेक्ट्रिक बाईकला गिअर कशाला? सांगतो

"अबे, इलेक्ट्रिक गाडीले गिअर कायले पायजे?" नागपुरात धरमपेठच्या टपरीवर हे इतक्यांदा ऐकलंय की शेवटी लिहायलाच बसलो.

शहरातल्या स्कूटरला नकोच, मोटर शून्यापासूनच पूर्ण टॉर्क (फिरवण्याचा जोर) देते. पण बाईक वर्धा रोडला शंभराच्या वर पळवायची आणि डबलसीट सेमिनरी हिल्सचा चढही चढवायचा, तर एका रेशोत दोन्ही बसत नाही. समजा मोटर ६००० आरपीएमची आहे. रिडक्शन ९ ठेवलं (मोटरच्या ९ फेऱ्यांत चाकाची १) तर टॉप स्पीड साधारण ७६, ५ ठेवलं तर १३७, पण मग त्याच चढाला मोटर १.८ पट करंट ओढते आणि वाइंडिंगमधली (मोटरमधल्या तारांच्या वेटोळ्यातली) उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे सव्वातीन पट. मे महिन्यात बाहेर ४५ डिग्री असताना ही उष्णता टाकायची कुठे?

अहमदाबादच्या मॅटर कंपनीच्या एरा बाईकला ४ गिअर आहेत, पण ते पायाने टाकायचे. मला आवडतो तो दोन गिअरचा (वरचेच ९ आणि ५) ऑटोमॅटिक, जुन्या मोपेडमध्ये असायचा तसा. पहिला गिअर वन-वे क्लचमधून चाक फिरवतो, म्हणजे सायकलचं फ्रीव्हील, पायडल थांबलं तरी चाक पळतं ना, तेच. दुसऱ्या गिअरवर सेंट्रिफ्यूगल क्लच, म्हणजे फिरण्याच्या वेगानेच आपोआप धरणारा. स्पीड ५० झाला की त्याचे शूज (ब्रेकच्या लायनरसारखे तुकडे) स्प्रिंगला न जुमानता बाहेर फेकले जातात, ड्रमला धरतात, मोटर ४००० वरून २२०० वर येते आणि पहिला गिअर आपोआप मागे पडून नुसता कटकट फिरत राहतो. ओढ क्षणभरही तुटत नाही! फक्त शूज चाकाकडच्या शाफ्टवर हवेत. मोटरकडे बसवले तर गिअर पडताच आरपीएम उतरणार, शूज सुटणार, आरपीएम चढणार, परत धरणार, गाडी हिसके खात राहणार.

अडचण एकच. फ्रीव्हील उलटी ओढ घेत नाही, त्यामुळे पहिल्या गिअरमध्ये ब्रेक लावताना रीजन (मोटरने वीज बनवून बॅटरीत परत टाकणं) मिळत नाही. (चाकाला डायनॅमो लावून "चालता चालता फुकट चार्जिंग" दाखवणारे व्हिडिओ फॉरवर्ड करू नका, ती वीज बॅटरीतूनच येते आणि वर थोडी वायाही जाते. रीजनमध्ये ब्रेकला वाया जाणारी ऊर्जा परत मिळते, ती गोष्ट वेगळी.) आणि सीताबर्डीच्या गर्दीत सगळं ब्रेकिंग ५० च्या खालीच होतं, म्हणून वन-वे क्लच ब्रेकच्या वेळी लॉक करणारा छोटा सोलेनॉइड (विजेवर सरकणारी खीळ) लागेल, सध्या वहीत त्याचंच चित्र काढतोय.