पावसाळी छायाचित्रण, खानदेशातील

नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या काळात, म्हणजे साधारणतः मृग नक्षत्रापासून हस्तापर्यंत, जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत केले जाणारे छायाचित्रण. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेमुळे येथील मैदानी भागात वर्षाकाठी सरासरी सुमारे ७०० मिमी. पाऊस पडतो आणि कोकणासारखी दीर्घकाळ लागून राहणारी झड क्वचितच असते. त्यामुळे छायाचित्रकाराचे काम मुख्यत्वे दोन सरींमधल्या उघडिपीत चालते. उन्हाळाभर हवेत तरंगणारी धूळ तेव्हा खाली बसलेली असते आणि तापीच्या दक्षिण तीरावरूनही सातपुड्याच्या रांगा स्पष्ट दिसतात.

या प्रदेशातील छायाचित्रणाचा आरंभ बहुधा मेजर रॉबर्ट गिल यांच्यापासून धरावा लागतो. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी १८४४ मध्ये त्यांची नेमणूक झाली. पुढे ते छायाचित्रणाकडे वळले आणि त्यांची ७४ छायाचित्रे असलेला शैलगृहांवरील ग्रंथ १८६४ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. अजिंठा त्या काळी निजामाच्या राज्यात होता, म्हणून ही छायाचित्रे खानदेशच्या खाती जमा करू नयेत, असे म्हणता येईल. तथापि लेण्यांच्या पायथ्याची वाघूर नदी खानदेशात उतरून तापीला मिळते आणि गिल यांचे दफनही भुसावळ येथेच झाले (१८७९), हे पाहता त्यांचा समावेश येथे करणे अधिक सयुक्तिक वाटते.

त्या पिढीच्या हाती ओल्या कलोडियनची, म्हणजे प्रकाशसंवेदी चिकट द्रावणाचा लेप दिलेली काच होती. १८५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीत लेप ओला असतानाच छायाचित्र घेऊन ते धुवावे लागे. उन्हाळ्यात लेप झपाट्याने सुकत असल्यामुळे पावसाळी दमटपणा एका परीने सोयीचा असला, तरी हा लेप फक्त निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच दाद देई. परिणामी हिरवी झाडी काळपट उमटे आणि आभाळ कोरे पांढरे राही. पावसाळ्याचे जे रूप डोळ्यांना सर्वाधिक सुखावते, नेमके तेच या काचेवर येत नसे. जर्मन रसायनज्ञ हेर्मान फोगेल यांनी १८७३ मध्ये रंजकद्रव्यांच्या साहाय्याने लेप हिरव्या प्रकाशाला संवेदनक्षम करता येतो हे दाखवल्यावर ही उणीव हळूहळू दूर होत गेली.

पडता पाऊस टिपताना कॅमेऱ्याच्या झडपेचा (शटरचा) वेग निर्णायक ठरतो. २ मिमी. व्यासाचा थेंब सेकंदाला सुमारे ६.५ मी. वेगाने खाली येतो. १/६० सेकंदात तो सुमारे ११ सेंमी. अंतर कापतो व चित्रात रेघ उमटते, तर १/१००० सेकंदात जेमतेम ६.५ मिमी. सरकतो. प्रकाश मागून आणि पार्श्वभूमी गडद असेल, तरच सर ठसठशीत दिसते. रावेर-यावल पट्ट्यातील केळीच्या बागांत अडचण निराळी आहे : ओल्या रुंद पानांवर आभाळाचे पांढरे प्रतिबिंब पडून हिरवा रंग झाकला जातो. ध्रुवणकारी गाळणी (पोलरायझिंग फिल्टर) भिंगापुढे हळूहळू फिरवल्यास ही चमक ओसरते व पानाच्या शिरा दिसू लागतात. पाण्याच्या थरासाठी पृष्ठभागाच्या लंबाशी सुमारे ५३° कोनातून पाहिल्यास हा परिणाम सर्वाधिक मिळतो. पानावर ठरलेल्या थेंबात मागची बाग उलटी दिसते. ती टिपायची तर केंद्रीकरण (फोकस) थेंबाच्या पृष्ठभागाऐवजी आतल्या प्रतिमेवर करावे लागते.

भिंगाला बुरशी धरणे ही या ऋतूतील मोठी हानी होय. उन्हाळ्यात कडांना साचलेली धूळ नीट झाडली नसेल, तर पहिल्या दमट आठवड्यांतच बुरशीला थारा मिळतो आणि तिच्या आम्लांनी भिंगावरील लेप कायमचा खराब होतो. हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवून आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राखणे हा साधा व भरवशाचा उपाय आहे.

सुमारे १,१५० मी. उंचीचे तोरणमाळ, यावल तालुक्यातील मनुदेवीचा धबधबा, चाळीसगावजवळील पाटणादेवी व चांगदेव येथील तापी-पूर्णा संगम ही पावसाळ्यातील परिचित स्थळे होत. हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडले म्हणजे तेथेही गर्दी होते. पुराच्या काळात पात्रात उतरणे मात्र सर्वथा वर्ज्य मानावे. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी बसणारी खानदेशची देवी कानबाई व दुसऱ्या दिवशीचे तिचे विसर्जन, तसेच पोळा, हे या ऋतूतील छायाचित्रांचे विषय आहेत.