टॉपर (एकनळी बंदूक)

टॉपर : अमेरिकेतील हॅरिंग्टन अँड रिचर्डसन या कारखान्याची, एका वेळी एकच काडतूस घेणारी छऱ्याची एकनळी बंदूक. ससे, खारी, लावे, होले अशी लहान शिकार आणि शेता-परसातल्या उपद्रवी प्राण्यांचा बंदोबस्त यांसाठी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती अमेरिकी खेड्यांत सर्रास दिसे. तिचा सारा लौकिक स्वस्ताईचा. भाग मोजके म्हणून किंमत कमी, आणि भाग मोजके म्हणून बिघडायलाही फारसे काही नाही.

घोड्याशेजारचा (घोडा म्हणजे चाप दाबताच पुढे आपटणारी हातोडी) खटका अंगठ्याने दाबला की नळी बिजागरीवर खाली झुकते आणि तिचे मागचे तोंड उघडे पडते. त्यात काडतूस सरकवायचे, नळी मिटायची, घोडा मागे ओढायचा, चाप दाबायचा. बार झाल्यावर नळी पुन्हा उघडली की रिकामे टरफल आपोआप बाहेर उडते. दुसरा बार हवा असेल तर हे सगळे पहिल्यापासून. नळी झुकलेली असताना बार उडूच शकत नाही, आणि ती झुकलेली आहे हे सोबतच्या माणसाला दुरूनही दिसते. मुलाच्या हाती पहिली बंदूक म्हणून वडीलधारे हीच देत, त्यामागे किंमतीइतकेच हेही कारण होते. धोका होता तो घोड्याचा. गारठलेल्या बोटांतून तो निसटला तर नको तेव्हा बार व्हायचा. पुढच्या काळातील बंदुकांत यावर उपाय म्हणून घोडा आणि ठोकणी (काडतुसाच्या बुडावर आदळून बार उडवणारी कांडी) यांच्यामध्ये एक पोलादी पट्टी आली. चाप ओढून धरला तरच ती वर सरकते. एरवी घोडा आपटला तरी त्याचा घाव ठोकणीपर्यंत पोचत नाही.

नळ्या 12, 16, 20 अशा निरनिराळ्या बोरांच्या मिळत. एक पौंड शिशाच्या सारख्या 12 गोळ्या केल्या, तर त्यातल्या एका गोळीचा व्यास तोच 12 बोरच्या नळीचा व्यास, म्हणजे सुमारे 18.5 मिलिमीटर. आकडा वाढेल तशी नळी बारीक होते. .410 हे माप मात्र या हिशेबात बसत नाही. तो नळीचा इंचांतला व्यास आहे. खारीसाठी वा सशासाठी साधारण 6 नंबरचे छर्रे वापरतात. त्यांचा व्यास 2.8 मिलिमीटरच्या आसपास असतो आणि एका औंसात ते सव्वादोनशे भरतात. तीस-पस्तीस मीटरपलीकडे छर्रे इतके पांगतात की जनावर मरण्याऐवजी जखमी होण्याचाच संभव जास्त.

वजन तीन किलोच्या आत असल्यामुळे बंदूक दिवसभर खांद्यावर वागवता येते. पण तोच हलकेपणा बार करताना अंगावर येतो. 12 बोरची टॉपर खांद्याला सणसणीत लाथ मारते. नवशिक्याला ती देणे म्हणजे त्याला नेमाऐवजी धक्क्याची वाट पाहायला शिकवणे. याउलट .410 चा धक्का नाममात्र, म्हणून ती मुलांची बंदूक समजली जाते. पण तिच्यात छर्रेच थोडे असल्याने नेम अचूक असावा लागतो. खरे पाहता ती सराईताची बंदूक आहे. मधला मार्ग 20 बोरचा.

उपद्रव कशाला म्हणायचे हे तिथे कायदा ठरवतो. 1918 च्या स्थलांतरित पक्षी कायद्याने बहुतेक देशी पक्ष्यांना संरक्षण आहे. युरोपातून आणलेली साळुंकीच्या कुळातली स्टार्लिंग, पारवा आणि घरचिमणी यांना ते नाही. (आपल्याकडे जिच्यासाठी हळहळतात तीच चिमणी तिथे परकी घुसखोर.) होल्यांसारख्या स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीत तीनपेक्षा जास्त काडतुसे मावणारी बंदूक चालत नाही. टॉपरवाल्याला त्याची फिकीर नसे.

कारखाना 1871 मध्ये गिल्बर्ट हॅरिंग्टन आणि विल्यम रिचर्डसन यांनी मॅसॅच्युसेट्समधील वुस्टर येथे काढला. एकनळ्या तो विसाव्या शतकाच्या आरंभापासून करीत होता; टॉपर हे नाव 1940 च्या दशकातले. त्या काळी अशा बंदुका टपालाने मागवता येत. 1968 च्या गन कंट्रोल ॲक्टने दुसऱ्या राज्यातून बंदूक थेट गिऱ्हाइकाच्या घरी पाठवणे थांबवले. 1986 मध्ये जुना कारखाना बंद पडला. गार्डनर गावात न्यू इंग्लंड फायरआर्म्स या नावाने तीच घडण 'पार्डनर' म्हणून पुन्हा सुरू झाली, पुढे जुने नावही परतले. 2000 मध्ये मार्लिन या बंदूक कंपनीने हा उद्योग घेतला, काही वर्षांनी मार्लिनसह तो रेमिंग्टन या दुसऱ्या बंदूक कंपनीकडे गेला आणि 2015 मध्ये रेमिंग्टनने या एकनळ्यांचे उत्पादन थांबवले.

महाराष्ट्रात टॉपर नव्हे, पण एकनळी ओळखीची आहे. कोकणात ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची) बंदूक शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठेवली जाते. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 13 मध्येच तशी तरतूद आहे : पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक, आणि संरक्षण वा खेळासाठी किमान 20 इंच नळीची छऱ्याची बंदूक. निवडणूक जाहीर झाली की यांतल्या बऱ्याच बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. रानडुक्कर मात्र आचारसंहिता पाळत नाही. तरी परवाना बंदूक बाळगण्याचा असतो, जनावर मारण्याचा नव्हे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे सशाची शिकारही गुन्हा ठरते, आणि पिकाची नासाडी करणारे रानडुक्कर मारायचे तर वनखात्याची वेगळी परवानगी लागते.