जठरव्रणावरील चौदा दिवसांचा औषधोपचार

जठराच्या किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या अस्तराला पडलेली जखम म्हणजे जठरव्रण, बोलीत अल्सर. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूमुळे झालेला व्रण ठरावीक दिवसांच्या औषधांनी बरा होतो आणि जंतू नष्ट झाला तर सहसा उलटत नाही. मराठवाड्यात रोगी ‘पोटात आग पडते’ म्हणत येतो. उपाशीपोटी किंवा मध्यरात्री दुखते, चार घास खाल्ले की थांबते. म्हणून खाण्याचा सोडा आणि गॅसच्या गोळ्यांवर वर्षे निघतात. दोष येसरच्या आमटीवर जातो. तिखटाने जळजळ वाढते, व्रण मात्र तिखटाने होत नाही. जंतूखेरीज त्याचे दुसरे मोठे कारण म्हणजे कंबरदुखी-गुडघेदुखीच्या गोळ्या.

१९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांना हा जंतू वाढवता आला, तोही ईस्टरच्या सुट्टीमुळे काचेच्या बश्या नेहमीपेक्षा जास्त दिवस राहिल्या म्हणून. १९८४ मध्ये मार्शल यांनी जंतूंचे द्रावण स्वतः पिऊन जठरदाह ओढवून घेतला. २००५ चे नोबेल दोघांना मिळाले.

जंतू आहे का हे पाहण्यासाठी तोंडावाटे पोटात सोडलेल्या दुर्बिणीतून जठराचा कणभर तुकडा काढून युरिया असलेल्या पिवळ्या माध्यमात ठेवतात. जंतू असला तर रंग गुलाबी होतो. उपचारात आम्ल कमी करणारी गोळी, अमॉक्सिसिलिन व क्लॅरिथ्रोमायसिन दिवसातून दोनदा देतात. भारतात क्लॅरिथ्रोमायसिनला दाद न देणारे जंतू बरेच आढळतात, त्यामुळे बिस्मथ, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडाझोल व तीच आम्ल कमी करणारी गोळी असा चार औषधांचा मार्गही घेतात. पूर्वी सात दिवस पुरेसे मानत. आता बहुधा चौदा.

खरी अडचण पाचव्या-सहाव्या दिवशी येते. आग थांबलेली असते, तोंड कडू झालेले असते, बिस्मथमुळे शौचास काळे होते, आणि माणूस गोळ्या सोडतो. अर्धवट कोर्सने जंतू टिकतो, पुढच्या वेळी तेच औषध लागू पडेलच असे नाही. (बिस्मथ चालू नसताना डांबरासारखे चिकट काळे शौचास झाले तर तो रक्तस्राव समजून लगेच दवाखाना गाठावा.)

कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी, आम्लाची गोळी दोन आठवडे बंद ठेवून, श्वासाची किंवा शौचाची तपासणी करतात. बीडहून कोयता घेऊन निघालेले जोडपे तेव्हा दूर कुठल्यातरी उसाच्या फडात असते. त्यांना निघण्यापूर्वीच सगळ्या गोळ्या मोजून द्याव्यात आणि तपासणीची तारीख चिठ्ठीवर ठळक लिहावी.