मोठे घरगुती जलजीवालय

मासे आणि पाणवनस्पती ठेवण्यासाठी घरात बांधलेली, साधारण ४०० लिटरांहून जास्त पाण्याची काचेची टाकी. बोलण्यात तिला फिश टँक किंवा नुसते टँक म्हणतात. दुकानातून उचलून आणलेल्या दोन फुटी टँकपेक्षा ही निराळी असते, ती आधी वजनामुळे. ६ फूट लांब, २ फूट रुंद आणि २ फूट उंच टाकीत सुमारे ६८० लिटर पाणी मावते. काच, खडी आणि लोखंडी स्टँड धरून भार ९०० किलोंच्या घरात जातो आणि तो जेमतेम १.१ चौरस मीटर जागेवर पडतो. आयएस ८७५ या भारतीय मानकात राहत्या खोल्यांसाठी दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो, भार धरलेला आहे. तो खोलीभर पसरलेला धरतात, म्हणून वरच्या मजल्यावर असा टँक बसूच शकत नाही असे नाही. मात्र तो स्लॅबच्या मध्यावर न ठेवता बीमवर किंवा बीमलगत भिंतीशी ठेवावा, आणि आधी आरसीसी कन्सल्टंटला विचारावे. पुण्यातील पेठांत जे जुने वाडे अजून उभे आहेत, त्यांची माडी लाकडी तुळयांवर असते. तिथे मोठ्या टँकची जागा तळमजल्यावरच.

सहा फुटी टाकी बहुतेक सोसायट्यांच्या लिफ्टमध्ये मावत नाही. म्हणून काचा कापून, कडा घासून आणतात आणि टाकी खोलीतच जोडतात. दोन फूट पाण्याचा जोर सहा फुटी दर्शनी काचेवर सुमारे ३४० किलो येतो. उंची दीडपट केली की हाच जोर सव्वादोनपट होतो. रुंदी वाढवल्याने मात्र तो वाढत नाही. त्यामुळे जास्त पाणी हवे असेल तर टाकी उंच नव्हे, रुंद करावी. माशांनाही वळायला जागा मिळते आणि साफसफाईला हात तळापर्यंत पोचतो. या मापाला वरून काचेच्या पट्ट्यांचे ब्रेसिंग देऊन १२ मिमी काच वापरतात. टफन केलेल्या (तापवून कडक केलेल्या) काचेला नंतर भोक पाडता येत नाही, म्हणून ओव्हरफ्लोच्या, म्हणजे वरचे पाणी खाली गाळणीकडे नेणाऱ्या, पाइपांची जागा आधी ठरवावी लागते. काचा जोडायचे सिलिकॉन व्हिनेगरसारखा वास येणारे, बुरशीनाशक नसलेले हवे. ते हवेतल्या ओलाव्याने पिकते, म्हणजे घट्ट होते. नवे सिलिकॉन जुन्यावर नीट धरत नाही, म्हणून गळका सांधा वरून लेप देऊन दुरुस्त होत नाही, तो खरवडूनच काढावा लागतो. आठवडाभर सुकवून, स्टँड पाणसळीत आणून, खाली थर्माकोलचा थर देऊन टाकी काठोकाठ भरावी आणि गळती पाहायला दोन-तीन दिवस तशीच ठेवावी. हे दिवस वाचवायला जाऊ नये.

गाळणीसाठी खालच्या कपाटात संप, म्हणजे गाळणीची दुसरी छोटी टाकी, ठेवणे उत्तम. पंप ताशी २५०० ते ३००० लिटरांचा लागतो. वीज गेली की वरचे पाणी खाली उतरते. पातळी ५ सेंमी घटली तरी ५५ लिटर येतात, तेवढी मोकळी जागा संपमध्ये नसेल तर ते घरात पसरते. पंप निदान इन्व्हर्टरवर तरी असावा.

पुण्याच्या नळाला खडकवासला धरणसाखळीचे पाणी येते. ते बेसाल्टच्या, म्हणजे काळ्या दगडाच्या, खोऱ्यातले, त्यामुळे बरेच मृदू असते. बोअरचे आणि टँकरचे पाणी जड. सोसायटीच्या टाकीत दोन्ही मिसळत असतील तर दर वेळी तपासावे. गुरुवारी पाणी बंद आणि शुक्रवारी ‘उशिरा व कमी दाबाने’ ही सूचना पुणेकरांना पाठ आहे. त्या दोन दिवसांत टँकचे पाणी बदलू नये. क्लोरीन घालवायला सोडियम थायोसल्फेट वापरतात. सजावटीला आपला काळा दगड सर्वांत चांगला. संगमरवर आणि चुनखडी पाणी जड करतात.

सगळ्यात जास्त मासे मरतात ते घाईने. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिली दोन्ही माशांना विषारी आहेत. हे जिवाणू गाळणीत वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत थोडा अमोनिया घालून वाट पाहायची. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले की मासे सोडायचे, तेही थोडे थोडे. गाळणीचा स्पंज नळाखाली धुतला तर क्लोरीनने जिवाणू मरतात, म्हणून तो टँकच्याच पाण्यात पिळावा.

डिसेंबर-जानेवारीत पुण्यात रात्री पारा १० अंशांखाली जातो, तेव्हा हीटर लागतो. एकच ६०० वॉटचा घेण्यापेक्षा ३०० वॉटचे दोन बरे, एक चालूच अडकला तरी पाणी फार तापत नाही. उन्हाळ्यात हवा कोरडी असल्याने पाण्यावर पंखा सोडला तरी दोन-तीन अंश उतरतात. उडालेले पाणी मात्र रोज भरावे लागते, आणि क्षार मागेच राहतात.

वास्तूसाठी म्हणून पुष्कळ घरांत आरोवाना हा मासा आणतात. चंदेरी आरोवाना तीन फुटांपर्यंत वाढतो, त्याला दोन फुटी रुंदीत धड वळता येत नाही. सहा फुटी टँकला डेनिसन बार्बचा थवा शोभतो. हा केरळ-कर्नाटकातील सह्याद्रीच्या वाहत्या ओढ्यांचा मासा. त्याची सह्याद्रिया ही प्रजाती (जीनस) २०१३ मध्ये ज्या चार संशोधकांनी मांडली, त्यांतले नीलेश डहाणूकर त्या वेळी पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत होते. निसर्गात तो संकटग्रस्त आहे, म्हणून पैदास केलेलेच मासे मागून घ्यावेत.

घर बदलताना किंवा मासे मोठे झाल्यावर ते नदीत सोडण्याची चाल आहे. ती वाईट आहे. अमेझॉनकडचा सकर मासा असाच देशातल्या अनेक जलाशयांत पसरला. मुळा-मुठेत सोडलेला मासा भीमेतून उजनीपर्यंत जाऊ शकतो. नको झालेले मासे दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावेत किंवा दुकानदाराकडे परत करावेत.