सर्वांना उपचार फक्त श्रीमंत देशांनाच परवडतात?

‘सगळ्यांना मोफत उपचार दिले तर देशाचं दिवाळं निघेल, ते श्रीमंत देशांचं काम,’ हे दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत वर्षानुवर्षं ऐकू येतं. ते खरं नाही.

ब्रिटनने १९४८ साली आरोग्यसेवा सर्वांना खुली केली, तेव्हा देश युद्धाच्या कर्जात बुडालेला होता, रेशनिंग चालू होतं. थायलंडने १९९७ च्या आर्थिक संकटातून सावरत २००१-०२ मध्ये ३० बातमध्ये (बात हे तिथलं चलन) उपचार सुरू केले. बाकीचा खर्च करांतून.

मुळात पैसा आजही जातोच आहे. २०२१-२२ मध्ये भारतातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के हिस्सा लोकांनी थेट खिशातून भरला. कुडाळचा पेशंट गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात किंवा कोल्हापूरला हलवायचा, तर आधी गाडीभाडं. मग बांगड्या पतसंस्थेत, नाहीतर मोहोर दिसायच्या आतच आंब्यावर दलालाकडून उचल. उचल घेतली की पुढे भाव आपल्या हातात राहत नाही. म्हणजे आजारपणाची किंमत बागेच्या उत्पन्नातूनही वळती होते!

हाच पैसा आजारी पडण्याआधी, ऐपतीप्रमाणे, करांतून गोळा करायचा. आणि कर म्हणजे फक्त आयकर नव्हे. साबण, पेट्रोल घेताना खलाशीही कर भरतो, त्यामुळे त्याच्या उपचारांना ‘फुकट’ म्हणणं अन्यायाचं आहे.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या २.५ टक्क्यांवर न्यायचं ठरवलं होतं. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत, पण तिथे भूलतज्ज्ञच नसेल तर बाळंतीण खाजगीतच जाणार.