निळ्या आणि लाल रेषेच्या मधली जमीन

पावसाळ्यात कोल्हापूरकराचा दिवस एका प्रश्नाने सुरू होतो, "राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटाला गेलं?" 39 फुटांना इशारा आणि 43 ला धोका, हे आकडे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ आहेत. 2019 च्या ऑगस्टमध्ये या बंधाऱ्यापाशी पंचगंगा नदी 55 फुटांच्या वर गेली. दोनच वर्षांनी, 2021 च्या जुलैमध्ये, ती 56 फुटांच्या आसपास पोहोचली. दोन्ही वेळा पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला.

पाणी का चढतं, हे नकाशा पाहिला की कळतं. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या सह्याद्रीच्या माथ्यावरून पाणी घेऊन येतात, आणि त्यांचीच पुढे पंचगंगा होते. गगनबावड्याला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटरवरच्या कोल्हापूर शहरात हजार मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे शहरात ऊन पडलेलं असतानाही नदी चढत असते. घाटाचा तीव्र उतार संपतो आणि सपाटी लागते, तिथे पाण्याचा वेग मंदावतो. त्यात पुढे नरसोबावाडीला, जिथे पंचगंगा कृष्णेला मिळते, कृष्णा तुडुंब असली, तर पंचगंगेचं पाणी पुढे सरकायला जागाच उरत नाही. फुगवटा मागे येतो. शहरात तोच जयंती नाल्यातून आत शिरतो, आणि नदीपासून लांब राहणाऱ्या शाहूपुरीतल्या माणसाच्या दारात पाणी येतं.

पसरायचं म्हटलं, तर नदीला जागा हवी. काठची सपाट मळी ही ती जागा. जुन्या लोकांनी मळीत ऊस लावला, भाजी केली, पण घर बांधलं ते उंचावर. पंचगंगेच्या काठावर ब्रह्मपुरीच्या टेकाडात सातवाहनकाळातल्या वस्तीचे अवशेष सापडले. वस्ती नदीला लागून होती खरी, पण टेकाडावर होती.

आज हाच शहाणपणा नियमांच्या भाषेत मांडलेला आहे. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो. सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचं पाणी जिथवर पोहोचतं ती निळी, आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीनुसार काठापासून निळ्या रेषेपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही. बाग, मोकळं मैदान, ओट्यांची भाजी मंडई, स्मशानभूमी, जलवाहिन्या अशा वापरांना परवानगी आहे. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये बांधता येतं, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर, म्हणजे साधारण दीड फूट, उंचीवर.

या नियमातला "शंभर वर्षांतून एकदा" हा शब्दप्रयोग फार फसवा आहे. एकदा पूर आला की पुढची नव्याण्णव वर्षं सुट्टी, असं तो ऐकणाऱ्याला वाटतं. दोन वर्षांत दोनदा एवढं पाणी पाहिलेल्या शहराने त्यावर विश्वास ठेवणं सोडलं, यात नवल नाही. खरा अर्थ असा, की दर वर्षी तेवढं पाणी येण्याची शक्यता शंभरात एक असते. नदी गेल्या वर्षीचा हिशेब ठेवत नाही. 30 वर्षं फेडायच्या गृहकर्जाच्या काळात लाल रेषेपर्यंत एकदा तरी पाणी येण्याची शक्यता जवळपास 26 टक्के भरते, आणि निळ्या रेषेपर्यंत येण्याची 71 टक्के. चारातली एक आणि दहातली सात शक्यता समोर ठेवून कुणी घर घेईल का, हे मला प्रत्येक घर घेणाऱ्याला विचारावंसं वाटतं.

रेषा आखताना अभियंते दर वर्षीच्या सर्वांत मोठ्या प्रवाहाची नोंद घेतात, त्यावरून दुर्मीळ पुराचा अंदाज बांधतात, नदीचे ठिकठिकाणचे आडवे छेद मोजतात आणि तेवढं पाणी कुठवर चढेल ते गणिताने काढतात. नोंदी काही दशकांच्याच असतील, तर शंभर वर्षांचा पूर हा अंदाजच असतो. एक नवा मोठा पूर नोंदीत आला, की तो अंदाज वर सरकतो. शिवाय काठावर भराव पडले, पूल बांधले गेले, तर तेवढंच पाणी जास्त उंच चढतं. म्हणून जुनी रेषा जशीच्या तशी ठेवणं धोक्याचं आहे.

भरावाचा प्रश्न मला सगळ्यांत गंभीर वाटतो. लाल रेषेच्या वर जोतं न्यायचं, तर ते दोन प्रकारे जमतं. खांबांवर घर उचलायचं आणि खालून पाणी जाऊ द्यायचं, किंवा मुरूम टाकून जमीनच उंच करायची. घरमालकाच्या दृष्टीने दोन्हींत फरक नाही. घर दोन्ही वेळा कोरडं राहतं. नदीच्या दृष्टीने मात्र फरक मोठा आहे. एक गुंठा म्हणजे सुमारे 101 चौरस मीटर. त्यावर दोन मीटर भराव टाकला, की दोन लाख लिटर पाण्याची जागा गेली. दहा हजार लिटरचे वीस टँकर. एकरभर भरावाने आठशे टँकरांची जागा जाते. एकट्या प्लॉटने पुराची पातळी मोजता येईल इतकी वाढत नाही, म्हणून प्रत्येक परवानगी निरुपद्रवी दिसते. अशा शेकडो परवानग्यांची बेरीज मात्र शहरातल्या सुतारवाड्यासारख्या दरवर्षी आधी रिकाम्या कराव्या लागणाऱ्या वस्तीत पोहोचते. ज्याने भराव टाकला त्याच्या घरात ते पाणी येत नाही.

अमेरिकेत या बेरजेचा विचार नियमातच केला आहे. 1968 च्या कायद्याने तिथे सरकारी पूरविमा सुरू झाला. तो गावातल्या रहिवाशांना मिळावा, तर गावाने पूरक्षेत्रातल्या बांधकामाचे स्थानिक नियम करायचे, अशी अट आहे. मुख्य प्रवाहाचा पट्टा आखताना त्याबाहेरची सगळी जमीन भरली गेली असं धरतात आणि तरीही शंभर वर्षांच्या पुराची पातळी एक फुटापेक्षा जास्त वाढू नये असं बघतात. पट्ट्याच्या आत तर पातळी वाढवणारा कोणताही भराव चालत नाही. एक फूटही ज्याच्या उंबऱ्याशी पाणी येतं त्याला खूपच आहे, पण निदान शेजाऱ्याच्या उंबऱ्याचा हिशेब मांडला जातो. आपल्याकडेही निळ्या-लाल पट्ट्यात खांबांवरच बांधायची सक्ती हवी. भराव टाकायचाच असेल, तर जवळच तेवढीच माती खोदून जागा परत करावी. तळमजल्यावर फक्त वाहनं ठेवावीत, आणि तिथे नंतर दुकानाचे गाळे चढणार नाहीत हे पाहायला दर पावसाळ्याआधी माणूस जावा.

घर घेणाऱ्याला आजही एक गोष्ट तपासता येते. बंधाऱ्यावरचे फूट त्या जागेपुरतेच असतात, आणि पूररेषेची पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये दिलेली असते. या दोन आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. नदीला उतार असल्याने लाल रेषेची पातळीही गावोगाव बदलते. म्हणून "आमचा प्लॉट 43 फुटांच्या वर आहे" या वाक्यावर व्यवहार करू नये. आपल्या गट क्रमांकापाशी लाल रेषेची पातळी किती मीटर आहे, हे जलसंपदा विभागाच्या नकाशावरून लिहून घ्यावं. मग मोजणीदाराकडून जोत्याची पातळी त्याच मापात काढून घ्यावी. शेजारच्या जुन्या घराच्या भिंतीवर 2019 च्या पाण्याची खूण अजून असेल, तर त्याच फेरीत तिचीही पातळी घ्यावी.