गाइड कॅप्टन (पुणे)

गाइड कॅप्टन : साधारण दहा ते सतरा वर्षांच्या मुलींच्या गाइड पथकाची प्रौढ, विनावेतन प्रमुख. भारत स्काउट्स आणि गाइड्स या संस्थेत त्याहून लहान मुलींच्या बुलबुल फ्लॉकसाठी फ्लॉक लीडर, तर मोठ्या मुलींच्या रेंजर टीमसाठी रेंजर लीडर नेमली जाते. बोलण्यात या तिघींनाही ‘गाइडर’ म्हणतात. पुण्यात हे काम प्रामुख्याने शालेय शिक्षिका करतात. शाळेबाहेरच्या ओपन ग्रुपमध्ये माजी गाइड, पालक किंवा महाविद्यालयीन तरुणी ते सांभाळतात. मुली शाळेत कॅप्टनला ‘बाई’ किंवा ‘मॅडम’ म्हणतात, ओपन ग्रुपमध्ये बहुधा ‘ताई’.

उगम व कालनिश्चिती : सप्टेंबर १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथील स्काउट मेळाव्याला काही मुली आपणहून आल्या. त्यातून १९१० मध्ये मुलींची स्वतंत्र संघटना उभी राहिली आणि तिची धुरा स्काउट चळवळीचे संस्थापक लॉर्ड बेडन-पॉवेल यांच्या भगिनी ॲग्नेस यांच्याकडे आली. कॅप्टन, लेफ्टनंट, कंपनी ही लष्करी धर्तीची नावे त्या काळातली आहेत. ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीस ‘कॅप्टन’ हे पद मागे पडले, भारतात मात्र ते टिकले.

भारतातील पहिले गाइड पथक १९११ मध्ये जबलपूर येथे निघाले, हे मत सर्वसाधारणपणे मान्य आहे. आरंभीची पथके युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलींपुरती होती. भारतीय मुलींना प्रवेश केव्हा मिळाला, याविषयी संदर्भग्रंथांत बहुधा १९१६ हे वर्ष येते. परंतु त्याच सुमारास मद्रासमध्ये डॉ. ॲनी बेझंट यांची स्वतंत्र भारतीय स्काउट चळवळ सुरू झाली होती, आणि हे दोन प्रवाह अनेकदा एकत्र सांगितले जातात. प्रवेशाचा एक ठराव आणि प्रत्यक्ष पथकांतील भारतीय मुलींची उपस्थिती या वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून १९१६ हा आरंभबिंदू धरावा आणि भारतीय मुलींमध्ये चळवळ रुजण्याचा काळ पहिल्या महायुद्धानंतरच्या दशकात मानावा, हे अधिक सयुक्तिक वाटते. १९२८ मध्ये गर्ल गाइड व गर्ल स्काउट यांची जागतिक संघटना स्थापन झाली तेव्हा भारत तिच्या संस्थापक सदस्यांपैकी होता. म्हणजे तोवर देशात संघटित काम उभे राहिलेले होते.

स्काउट व गाइड संघटनांच्या विलीनीकरणाच्या तारखेबाबतही गोंधळ आढळतो. ७ नोव्हेंबर १९५० ही भारत स्काउट्स आणि गाइड्सची स्थापना-तारीख म्हणून शाळांत साजरी होते. तथापि त्या दिवशी एकत्र आल्या त्या मुलांच्या संघटना. गर्ल गाइड्स असोसिएशन त्यांत सामील झाली ती १५ ऑगस्ट १९५१ रोजी. गाइड शाखेच्या इतिहासात ही दुसरी तारीखच महत्त्वाची आहे, आणि ती वगळण्याची प्रथा योग्य नाही. त्यानंतर गाइडच्या वचनात ‘ईश्वर’ या शब्दाऐवजी इच्छेनुसार ‘धर्म’ म्हणण्याची मुभा आणि नऊ कलमी नियम ही भारतीय घडण स्थिर झाली. दीक्षाविधीपूर्वी प्रत्येक मुलीला तिचा पर्याय विचारणे हे कॅप्टनचे काम असते.

पुण्याची पार्श्वभूमी : लष्करी छावणी, मिशनच्या शाळा आणि स्त्रीशिक्षणाच्या जुन्या संस्था या तिन्ही गोष्टी पुण्यात शेजारीशेजारी होत्या. मुलींसाठी हुजूरपागा ही शाळा १८८४ मध्ये सुरू झाली. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि तेथे शिक्षिका घडू लागल्या. १९१६ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. मुलींना मैदानावर आणि मुक्कामी नेणारी, पालकांचा विश्वास असलेली शिकलेली बाई ही गाइड पथकाची पहिली गरज असते. अशा स्त्रियांचा वर्ग या शहरात इतरत्रांपेक्षा लवकर तयार झाला. पुण्यातील गाइडिंगचे स्पष्टीकरण शोधताना छावणीकडेच पाहण्याची सवय आहे, पण या शिक्षिकांचा वाटा अधिक मोठा मानायला हवा.

प्रशिक्षण व मणी : नेमणुकीनंतर कॅप्टनला प्रारंभी बेसिक, मग ॲडव्हान्स्ड आणि शेवटी हिमालय वुड बॅज असे टप्पे पार करता येतात. संस्थेचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र मध्य प्रदेशात पचमढी येथे आहे. वुड बॅज मिळालेल्या कॅप्टनच्या गळ्यात चामडी वादीत ओवलेले दोन लाकडी मणी दिसतात. पहिला वुड बॅज वर्ग सप्टेंबर १९१९ मध्ये लंडनजवळील गिलवेल पार्क येथे झाला, आणि तेव्हा दिलेले मणी बेडन-पॉवेल यांनी १८८८ च्या झुलुलँड मोहिमेतून आणलेल्या माळेतले होते. ही माळ झुलू राजा दिनुझुलू याने आदराने भेट दिली, अशी कथा प्रशिक्षण शिबिरांत अजून सांगितली जाते. बेडन-पॉवेल यांच्या निरनिराळ्या काळातील कथनांत मात्र मेळ बसत नाही, आणि अलीकडील चरित्रकारांचा कल भेटीची कथा नाकारण्याकडे आहे. मोहिमेत हाती लागलेली वस्तू, एवढेच म्हणणे सुरक्षित ठरते. वसाहती युद्धाचा हा धागा मुलींपासून लपवू नये. गळ्यात मणी घालणाऱ्या बाईंनीच तो सांगितला तर मुलींना इतिहास आणि आख्यायिका यांतला फरक कळतो.

कामाचे स्वरूप : सहा ते आठ मुलींचे एक पेट्रोल, अशा काही पेट्रोलांचे पथक. पेट्रोल लीडर मुलगीच असते आणि कॅप्टनने तिच्यामार्फत काम करावे, ही पद्धतीची मूळ अट आहे. आठवड्याची सभा, गाठी, प्रथमोपचार, नकाशावाचन, पायी सहल, तंबूतले शिबिर, शेकोटी, ‘खरी कमाई’ (छोटी कामे करून पैसे मिळवणे) हे उपक्रम परिचित आहेत. बुलबुलची प्रगती कोमल, रजत, सुवर्ण व हीरक पंख अशी, तर गाइडची प्रवेश, प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार अशी चढते. प्रत्येक टप्प्याची नोंद कॅप्टनच्या वहीत लागते. रेल्वेभरतीत स्काउट-गाइड कोटा असल्याने ही नोंद पुढे नोकरीच्या अर्जापर्यंत पोचते.

पुण्यातील सर्व कॅप्टन एकाच यंत्रणेखाली येत नाहीत, हे बाहेरच्या अभ्यासकाच्या चटकन लक्षात येत नाही. राज्य मंडळाच्या शाळांतील पथके महाराष्ट्र राज्य शाखेकडे असतात. केंद्रीय विद्यालये आणि मध्य रेल्वे यांच्या शाखांना मात्र संस्थेत स्वतंत्र ‘राज्या’चा दर्जा आहे. त्यामुळे एकाच पेठेत राहणाऱ्या दोन कॅप्टनांची शिबिरे, मेळावे आणि वरिष्ठ वेगवेगळे असू शकतात.

नियमाने हे पद स्वेच्छेचे आहे. शाळेत ते बहुधा मुख्याध्यापकांच्या वाटपातून येते, आणि तासिका, परीक्षा, जनगणना, निवडणूक यांच्या जोडीला बसते. मुक्कामी शिबिरासाठी पालकांची लेखी संमती, महिला सहायक, औषधे, निवासाची पाहणी हे सारे कॅप्टनच्या शिरावर असते. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ नुसार अत्याचाराची माहिती मिळाल्यास पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि मुलगी आधी बोलते ती अनेकदा शिबिरातल्या बाईंशीच. एवढी जबाबदारी घेणाऱ्या व्यक्तीला तिची संमती विचारूनच नेमले पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. मनाविरुद्ध सोपवलेले पथक कागदावर चालते. मनापासून घेतलेल्या पथकातल्या मुली तंबूचा दोर स्वतः ताणायला शिकतात.

संगम : आळंदी रस्त्यावरील ‘संगम’ हे जागतिक संघटनेचे चौथे जागतिक केंद्र. स्वित्झर्लंड, लंडन व मेक्सिको येथील केंद्रांनंतर ते उभे राहिले आणि त्याचे उद्घाटन १६ ऑक्टोबर १९६६ रोजी लेडी ऑलेव्ह बेडन-पॉवेल यांनी केले. ते जिल्हा शाखेचा भाग नाही. जगभरच्या गाइड व त्यांच्या प्रौढ नेत्या येथे शिबिरांसाठी राहतात आणि शहरातील सामाजिक संस्थांत काम करतात. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी याच रस्त्याने पुण्यात येते.

समांतर परंपरा : पुण्यात मुलींच्या गटाची प्रौढ प्रमुख ही कल्पना गाइडिंगपुरती मर्यादित नाही. वर्धा येथे १९३६ मध्ये लक्ष्मीबाई केळकर यांनी स्थापन केलेल्या राष्ट्र सेविका समितीच्या शाखेवर मुख्यशिक्षिका असते. पुण्याच्या सरस्वतीबाई (ताई) आपटे या समितीच्या दुसऱ्या प्रमुख संचालिका होत्या. १९४१ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्र सेवा दलाचे मुख्यालय पुण्यात आहे. तेथे मुलगे-मुली एकत्र असल्याने मुलींसाठी वेगळी प्रमुख असलीच पाहिजे असे नाही. आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीच्या युवती विभागात दलावर ‘ताई’ असते, आणि ती बहुधा त्याच दलात वाढलेली असते. या संघटनांची वैचारिक दिशा परस्परभिन्न आहे आणि त्यांची तुलना त्या भेदासह करावी लागते. नेतृत्वाच्या निवडीचा फरक मात्र स्पष्ट आहे : दलाची ताई खालून वर येते, शाळेतली कॅप्टन वरून नेमली जाते. गाइडिंगमध्ये पहिल्या मार्गाची सोय रेंजर टीममध्ये आहे. पंचविसाव्या वर्षापर्यंत रेंजर राहता येते, आणि ओपन ग्रुपच्या कॅप्टन या वाटेने मिळू शकतात. दहावीनंतर क्लास, प्रवेशपरीक्षा आणि शहरबदल यांत मुली पांगतात, तेव्हा ही वाट तुटते.